आम्ही म्हणजे नक्की कोण, वन्सं?

कुमुदवन्सं, तुमच्या एका ओळीनं माझा दीड महिना खाल्ला आहे.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी श्रीकांतनं तुमचं लोखंडी कपाट उघडलं. मुलगा माझा, पण कॅनडाहून धावत आला तो आत्यासाठी, हे मी त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. कपाटात अपेक्षेप्रमाणे सावळागोंधळ होता. आधारकार्ड साडीच्या घडीत, चष्म्याच्या डबीत लवंगा, पेन्शनच्या कागदांवर चिकनकामाचे दोरे. शेजारच्या माझ्या कपाटात डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागते. तुमच्या कपाटात दिवा लावूनही काही सापडायचं नाही. त्या सगळ्यात एक पांढरं पाकीट मात्र सरळ उभं ठेवलेलं होतं. वर तुमच्या ठसठशीत अक्षरात ‘चि. श्रीकांतास’. आत एवढंच:

‘आम्ही इथेच राहू. आम्हाला कुठे नेऊ नये.’

खाली सही. तारीख नाही, कारण नाही, पुढे-मागे काही नाही. माझ्या शाळेतल्या मुलीनं असा कागद दिला असता तर मी तो परत करून ‘पूर्ण लिहून आण’ म्हटलं असतं.

श्रीकांतनं कागद दोनदा वाचला. “आई, ‘आम्ही’ म्हणजे कोण?”

हा प्रश्न मी तुम्हाला पन्नास वर्षं विचारत होते, वन्सं. तुम्ही उत्तर न देता गेलात.

माझी नातवंडं सई आणि ओजस हे कधीतरी वाचतील, किंवा त्यांचा बाप त्यांना वाचून दाखवेल, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. मुलांनो, तुमची बुआदादी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिली. आजोबा गेल्यावर अकरा वर्षं या घरात आम्ही दोघीच होतो. ती वाढली लखनौला, आणि लखनौची माणसं स्वतःला ‘मैं’ म्हणत नाहीत, ‘हम’ म्हणतात. हम जा रहे हैं, हम थक गए हैं. माणूस एकच असतो. तिनं तो ‘हम’ उचलला आणि जसाच्या तसा मराठीत आणून बसवला. “आम्ही चहा घेऊ,” ती म्हणायची. मी दोन कप ठेवायची. तिला एकच हवा असायचा, कारण ‘आम्ही’ म्हणजे ती. दुसऱ्या दिवशी मी एकच कप ठेवला की म्हणायची, “आणि तुम्ही नाही घेणार?”

हे काही विनोदाचं नाही. म्हणजे तेव्हाही नव्हतं.

वन्सं, अमीनाबादच्या बाजाराचं आठवा. तुम्ही पिशवी काखेत मारून दारात उभं राहून जाहीर करायच्या, “आम्ही अमीनाबादला जातोय.” आता मी काय समजायचं? तुम्ही एकट्या निघालात, की मीही निघायचं आहे? चपला घालून बाहेर यावं, तर तुम्ही विचारणार, “अरे, तुम्हालाही यायचंय का?” आतच बसावं, तर पाच मिनिटांनी फाटकातून हाक, “चलिए ना भाभी, कब से खड़े हैं हम!” आणि कित्येकदा हाकही नाही. तुम्ही रिक्षा करून निघून गेलेल्या, आणि मी एक चप्पल पायात, एक हातात, अशी व्हरांड्यात उभी.

“मी म्हणा, वन्सं. मी. एकवचन आहे, फुकट मिळतं.”

“मैं-मैं तो बकरी करती है.” हे तुमचं ठरलेलं उत्तर. वर मराठीत पुस्ती जोडायच्या, “आम्ही काय शेळी आहोत?”

तुमच्या दादांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यात फार मजा वाटायची. मला वाटत नव्हती. मी पुण्याहून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, बाविसाव्या वर्षी लग्न होऊन या शहरात आलेली मुलगी होते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ती तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असली तरी तिला ‘वन्सं’ म्हणायचं, ‘तुम्ही’ म्हणायचं. मी म्हटलं. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाही. माझ्या डोक्यात प्रत्येक भाषेला स्वतंत्र कप्पा होता. शाळेत मुलींसमोर इंग्रजी, घरात मराठी, बाजारात हिंदी. एका कप्प्यातलं दुसऱ्यात गेलं की मला अंगाला खाज सुटल्यासारखं व्हायचं. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून म्हणायच्या, “भाभी, ती सब्जी ज़रा कढईत सरकवा ना, यार.”

यार! वहिनीला!

तुमच्यावर माझा मूळ राग कशाचा होता, ते आज मांडायचा प्रयत्न करते. तुम्ही जिथे जायच्या तिथल्या व्हायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुम्ही ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसायच्या, आणि तुमचा तो मखमली आवाज ऐकून अनोळखी माणसंसुद्धा दोन शब्द जास्त बोलायची. गणपतीत महाराष्ट्र मंडळात नथ घालून सगळ्यांच्या आधी आरतीला उभ्या. त्याच आठवड्यात जुन्या शहरातल्या चौकात नसीमच्या दाराशी कपाळाला हात नेऊन ‘आदाब’. नसीम चिकनकाम, म्हणजे कापडावरचं बारीक भरतकाम करायची, अजून करते. तिच्या गल्लीत तुम्ही ‘कुमुद बाजी’, म्हणजे थोरली बहीण. आमच्या कॉलनीत ‘बुआजी’. मंडळात ‘कुमुदताई’. मला वाटायचं, हा सगळा अभिनय आहे. एकदा चिडून मी विचारलंही, “वन्सं, तुम्ही नक्की आहात तरी कोण?”

तुम्ही शेंगा सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, “आम्ही ऑपरेटर. ज्याचा फोन, त्याची बोली.” आणि थोड्या वेळानं, “पण बोर्ड तर एकच असतो ना, भाभी?”

तेव्हा हे मला चलाख उत्तर वाटलं. चलाख उत्तरांची मला शाळेपासून चीड आहे.

तेराव्याला जे झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं. मंडळाचे चिटणीस आले होते. त्यांच्या वार्षिक अंकात तुमच्यावर चार ओळी यायच्या आहेत, म्हणून वही उघडून बसले. व्हरांड्यात नसीम, दुपट्टा डोक्यावर, डोळे सुजलेले. चिटणीस भारावून म्हणाले, “कुमुदताई म्हणजे अस्सल मराठी बाणा. परमुलखात राहून आपलं मराठीपण जपलं.”

नसीमला मराठी कळत नाही, पण ‘मराठीपण’ कळलं. ती म्हणाली, “नहीं साहब, बाजी तो ठेठ लखनऊ की थीं. हमारी थीं.”

“म्हणजे, तसं कसं...” चिटणीस माझ्याकडे बघायला लागले. नसीमही बघायला लागली. जणू मी अंपायर. पन्नास वर्षं एका छपराखाली राहिलेली मी.  मी म्हटलं, “पाणी आणते.”

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मला रडू नाही, राग आला. सगळे तुम्हाला आपलं म्हणत होते. हमारी, आपली, अस्सल, ठेठ. मग माझी कोण होतात तुम्ही? माझ्या वाट्याला काय आलं, तर व्याकरणाच्या चुका.

परत आले तेव्हा चिटणीस विचारत होते, “मूळ गाव वाई लिहू ना?”

मूळ गावावरून आपलं झालेलं भांडण त्यांना ठाऊक नव्हतं. मंडळाच्या सभासद-फॉर्मवर तुम्ही ‘मूळ गाव’ या रकान्यात ‘चारबाग’ लिहिलं होतं. मी म्हटलं, चारबाग हे रेल्वे स्टेशन आहे, वन्सं. तुम्ही म्हणालात, “आमचं रेल्वेचं क्वार्टर तर स्टेशनच्या मागेच होतं. मूळ म्हणजे जिथे उगवलो ते. वाईला आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा पोट बिघडलं.” मी तो फॉर्म पांढरी शाई लावून दुरुस्त केला होता. ‘वाई’ लिहिलं होतं. माझ्या अक्षरात. चिटणिसांकडे बहुधा अजून तोच असणार.

“चारबाग लिहा,” मी म्हटलं. त्यांना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं आहे. त्यांनी वही मिटली.

अस्थींचा प्रश्न त्यामानानं सोपा होता. ‘आम्हाला कुठे नेऊ नये’ म्हणजे तुम्हाला वाईच्या कृष्णेत नेऊ नये, असं श्रीकांतनं ठरवलं. आम्ही गोमतीवर गेलो. पाणी हिरवं आणि दमलेलं होतं. मला वाटलं, या बाईनं हेच मागितलं होतं? पण अंत्यविधीच्या वेळी दुरुस्त्या करायच्या नसतात, एवढं मलाही कळतं.

खरा घोळ त्यानंतर झाला. निघण्याच्या आदल्या दिवशी श्रीकांत माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. “आई, हे घर आता तुला एकटीला झेपणार नाही. पुण्याचा फ्लॅट रिकामा आहे. तिथे तुझी माणसं आहेत, तुझी भाषा आहे. तू नेहमी म्हणतेस ना, आमच्याकडे असं नसतं, आमच्याकडे तसं असतं? मग चल की तुझ्याकडे.”

“आणि आत्याचा कागद?”

“आत्यानं स्वतःपुरतं लिहिलंय. तिच्या भाषेत ‘आम्ही’ म्हणजे ‘मी’. आपण तिला कुठे नेलं नाही. झालं.” मग म्हणाला, “की तिनं तुझंही ठरवून टाकलं होतं? तसं असेल तर सांग. मला रविवारच्या फोनपर्यंत सांग.”

असे पाच रविवार झाले. मी दर वेळी म्हणते, बघते.

काय बघते, वन्सं? कागद बघते. ‘आम्ही’ म्हणजे तुम्ही एकट्या असाल, तर मी मोकळी आहे. पुण्याला जाऊ शकते, मनात कुठलंही ओझं न ठेवता. ‘आम्ही’ म्हणजे आपण दोघी असू, तर तुम्ही मला न विचारता माझ्या म्हातारपणाचा निकाल लावून, पाकीट चिकटवून निघून गेलात. पहिलं असेल तर मला एकटं वाटतं. दुसरं असेल तर संताप येतो. दोन्हींत मला आवडेल असं काही नाही.

आणि पुण्याचं काय सांगू? तीन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला गेले होते, तेव्हाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मंडईत मी भाजीवालीला म्हटलं, “धनिया दे ग जुडीभर.” तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. “मावशी, तुम्ही युपीकडच्या का? मराठी छान बोलता.”

मराठी छान बोलता! मला! परत आल्यावर तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसून हसून उचक्या लागेपर्यंत हसलात. “बघा भाभी, तुमच्या ‘आमच्याकडे’त आता तुम्हीच नाही.”

तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते.

आता लोणच्याचं. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण पाकिटाबद्दल तुम्हाला जाब विचारायचा तर माझ्या बाजूचंही मांडायला हवं. नाहीतर ते अर्धवट होईल.

कैऱ्या आल्या होत्या. चिनहटहून आणलेल्या त्या दोन चिनी मातीच्या बरण्या तुम्ही उन्हात वाळवून ठेवलेल्या. कैऱ्या मी चिरल्या, एकसारख्या फोडी. मसाला तुम्ही कालवत होतात. मोहरीचं तेल, कलौंजी इथपर्यंत मी सहन केलं. मग तुम्ही मूठभर बडीशेप घेतलीत.

मी म्हटलं, “आमच्याकडे लोणच्यात बडीशेप घालत नाहीत.”

हे वाक्य मी तुम्हाला हजार वेळा ऐकवलं असेल. चकलीबद्दल, श्राद्धाबद्दल, पडद्यांच्या रंगाबद्दल. तुम्ही नेहमी पुढचं वाक्य फेकायच्या आणि विषय संपायचा. त्या दिवशी तुम्ही हात थांबवला. बडीशेप मुठीतच होती.

“वहिनी,” तुम्ही म्हणालात. ‘भाभी’ नाही, ‘वहिनी’. “पन्नास वर्षं झाली. तुमच्या ‘आमच्याकडे’त आम्ही एकदाही आलो नाही.”

मी काय बोलायला हवं होतं, ते आता मला पाठ आहे. रोज नवीन उत्तर सुचतं. पण तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते असं: “‘आम्ही आलो नाही’ नव्हे, वन्सं. ‘मी आले नाही’.”

एकतीस वर्षं शिकवण्याची सवय. चूक दिसली की हात लाल पेन्सिलीकडे जातो. पेन्सिल कुठे टेकते आहे ते बघायचं राहून जातं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. मग सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणालात, “ठीक है. मी आले नाही.”

बोलण्यात ‘मी’ असं मी तुमच्या तोंडून ऐकलं, ते त्या एका दिवशी. तुम्ही बडीशेप डब्यात परत टाकली, तेल ओतलं, बरणीचं तोंड फडक्यानं बांधलं. संध्याकाळी नेहमीसारख्या बातम्या लावल्या. दहाव्या दिवशी सकाळी नहाणीघरात तुम्हाला चक्कर आली, दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. या तेरा दिवसांत मी तो विषय काढला नाही. वाटलं, आपल्याला काय घाई आहे?

दवाखान्यात तुमच्या तोंडावर मास्क होता. मी तुमचा हात धरून बसले होते आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. बरोबर वाक्य. ते जुळेपर्यंत नर्स म्हणाली, “माताजी, बाहर बैठिए.”

तर गेल्या आठवड्यात मी शेवटी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. तुमचे दादा गोरखपूरला दोन वर्षं बदलीवर होते, तेव्हा तुम्ही त्यांना पत्रं लिहायच्या. ती त्यांनी फाइलला लावून ठेवली होती. फाइलवर ‘कुमुदची पत्रे’ हे लेबल माझ्याच हातचं, पण आत कधी डोकावले नव्हते. दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत, हे मला लहानपणी शिकवलं होतं. आता परवानगी कुणाची मागू? चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि ठरवलं की प्रत्येक ‘आम्ही’ला गोल करायचा. तुम्ही लिहितानाही स्वतःला ‘आम्ही’ म्हणत असाल, तर कागदातला ‘आम्ही’ तुमच्या एकटीचा. प्रश्न मिटला.

वन्सं, बावीस पत्रं. एकाही पत्रात स्वतःला ‘आम्ही’ नाही. ‘मी बरी आहे.’ ‘मी आज ड्यूटी बदलून घेतली.’ ‘मला सर्दी झाली.’ स्वच्छ, बिनचूक मराठी. एकवचन तिथे एकवचन, अनेकवचन तिथे अनेकवचन. म्हणजे तुम्हाला येत होतं! सगळं येत होतं! बोलताना हौसेनं चुकत होतात, आणि मी मूर्खासारखी पन्नास वर्षं दुरुस्त्या करत बसले.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि खरंच मोठ्यानं ओरडले. घरात कुणी नव्हतं, म्हणून चाललं.

मग सतराव्या पत्रात हे सापडलं. पुढचं तुमच्याच शब्दांत उतरवते, एक काना-मात्रा न बदलता:

‘दादा, वहिनींची तक्रार तुझ्याकडे आली असेलच. मी अमीनाबादला त्यांना टाकून जाते म्हणून. त्यांना सांग, मी “आम्ही जातोय” म्हणते तेव्हा त्यांना धरूनच म्हणते. त्या विचार करत बसतात आणि चपला घालायला वेळ लावतात. मी कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी थांबते. दहा मिनिटं तरी थांबते. मग वाटतं, नसेल यायचं त्यांना माझ्याबरोबर.’

मी हे चार वेळा वाचलं. मग उठून कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे पानवाला नाही आता, मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. आपलं फाटक तिथून स्पष्ट दिसतं. व्हरांडाही दिसतो. म्हणजे मी एक चप्पल हातात घेऊन उभी असायची, ते तुम्हाला तिथून दिसत होतं. आणि तुम्ही हाक मारली नाही! रोज शेकडो माणसांना एकमेकांशी जोडून देणाऱ्या बाईला घराच्या कोपऱ्यावरून एक हाक मारता येत नव्हती? आणि मला विचारता येत नव्हतं, “मीही येऊ का?” बी. ए. होते मी. इंग्रजीत तर तीन प्रकारे विचारता आलं असतं.

मी तुमच्यावर रागावले आहे, हे लिहून ठेवते. आधी कागदावरून होते. आता त्या दहा मिनिटांवरून आहे.

काल तुमची लोणच्याची बरणी उघडली. तुम्ही बडीशेप परत टाकली होती, पण सगळी नाही. थोडी तळहाताला चिकटून मसाल्यात गेली असणार. लोणचं चांगलं मुरलं आहे. बडीशेप लागते, आणि चांगली लागते. हे तुम्ही असताना मी म्हटलं असतं तर तुम्ही ती गोष्ट नसीमपासून चिटणिसांपर्यंत सगळ्यांना सांगितली असती. एक छोटी बरणी भरून मी चौकात नसीमला देऊन आले. तिनं फोड चाखली. “बाजी के हाथ का है,” ती म्हणाली. फोडी माझ्या हातच्या आहेत, हे मी सांगितलं नाही. मग तीच म्हणाली, “मगर काटा आपने होगा. बाजी से इतना बराबर कहाँ कटता!” आणि आम्ही दोघी तिच्या उंबऱ्यावर बसून हसलो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

आज रविवार. सकाळी पाटीवर उत्तर लिहून तयार केलं होतं, कारण फोनवर मला ऐनवेळी सुचत नाही: ‘मी इथेच राहणार आहे. आत्यानं लिहिलं म्हणून नाही. तिनं मला विचारलं नव्हतं. हे मी ठरवलं आहे.’ दोन्ही ‘मी’ अधोरेखित. तुमच्या ‘आम्ही’त मला न विचारता ओढलेलं मी चालवून घेणार नाही, हे तुम्हालाही कळायला हवं होतं.

फोन आला. श्रीकांतला मी पाटीवरचं सगळं वाचून दाखवलं. तो मग म्हणाला, “बरं. हिवाळ्यात येऊन जातो.” तेवढ्यात त्याच्या हातून फोन सईनं घेतला. दहा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, पण उत्तर बुआदादीकडून उचललेल्या हिंदीत देते.

“दादी, आप वहाँ अकेली रहेंगी? बुआदादी के बिना?”

पाटी समोरच होती. पण ती मराठीत होती, आणि प्रश्न हिंदीत आला. मी विचार न करता बोलून गेले, “अरे बेटा, हम यहीं ठीक हैं.”

 पोरगी हुशार आहे. मीच तिला दर उन्हाळ्यात व्याकरण शिकवलं आहे.

“हम मतलब कौन, दादी?”

मला उत्तर येत होतं की नाही, ते मला अजूनही माहीत नाही. मी तेच केलं जे तुम्ही करायच्या. लग्न का नाही केलंस असं विचारायला नातेवाइकांचे ट्रंक कॉल यायचे, तेव्हा ज्या मखमली आवाजात त्यांचा फोन तोडायच्या, तोच आवाज काढायचा प्रयत्न केला.

“लाइन साफ नहीं है, बेटा. बाद में मिलाना.”

वन्सं, लाइन अगदी स्वच्छ होती.